सासूने बाहेर थांबावे

पुरुष पेशंटांच्या चपला कुलपात ठेवणारी नर्स मी आयुष्यात एकच पाहिली.

आमचा वॉर्ड हृदयाच्या रोग्यांचा होता. डाव्या हाताला पुरुषांची खोली, उजव्या हाताला बायकांची, आणि मधल्या बोळात एक टेबल. त्या टेबलाशी अक्का उभी असे. बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. दहीभातसुद्धा ती उभ्यानं खायची, डबा डाव्या हातात धरून, नजर दोन्ही दारांवर. ती वॉर्डाची मुख्य सिस्टर, मी तिथली आया. बेडपॅन देणं, अंग पुसणं, खुर्चीत बसवून तपासणीला नेणं ही माझी कामं. वयानं मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी, पण डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

माझा नवरा चेन्नईजवळच्या आवडी गावी लष्करी कारखान्यात होता. तो वारल्यावर भाऊ सातारहून न्यायला आला होता. मी गेले नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला गावात दुसऱ्याच्या चुलीपुढं बसावं लागतं आणि चेन्नईत निदान पगार मिळतो, एवढं मला कळत होतं. कामावर पहिल्या दिवशी अक्कानं माझं नाव विचारलं, मी मराठी आहे हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती एकदम म्हणाली, "जेवण जाहलें का गे?"

मी बघतच राहिले. ती तंजावरकडच्या मराठी लोकांपैकी. घरी असलं जुनं मराठी बोलतात आणि मधेच तमिळ घालतात. माझं मराठी तिला अडाणी वाटायचं, मला तिचं पोथी वाचल्यासारखं वाटायचं. "तुम्ही लोक शब्द अर्धे खातां," ती म्हणायची. "म्हणून तुम्हांस भूक लागत नाहीं."

तर चपला. तापसर्दी होऊन गेल्यावर काही जणांच्या हृदयाच्या मांसालाच सूज येते. हे मी तिथंच शिकले. त्या रोगाचे पेशंट बहुतेक तरुण पुरुष असत. छाती धरून, ओरडत, चार मित्रांच्या खांद्यावर यायचे. तीन दिवसांत दुखणं थांबायचं की यांना वाटायचं, झालं. मग कुणी चहा प्यायला खाली उतरायचा, कुणी दोन पलंगांच्या मधे जोर काढायचा. डॉक्टर सांगून थकत की सूज अजून आहे, काही महिने पळायचं नाही, वजन उचलायचं नाही, नाहीतर हृदय मधेच थांबेल. कोण ऐकतो? अक्कानं सांगणं सोडलं. पुरुष पेशंट आला की त्याच्या चपला काढून इंजेक्शनच्या कपाटात खालच्या खणात कुलपात. दुपारच्या उन्हात चेन्नईच्या डांबरी रस्त्यावर अनवाणी कोण जाणार?

एक गेला. कबड्डी खेळणारा, दरवाजात मावायचा नाही असा. त्यानं माझ्या चपला घातल्या. अर्धी टाच मागं लोंबत होती. अक्कानं खिडकीतून पाहिलं आणि मला पाठवलं. मी त्याला चहाच्या टपरीवरून दंडाला धरून परत आणला. तो सारखा म्हणत होता, "आयाम्मा, एकच ग्लास, देवाशपथ."

अक्का त्याला म्हणाली, "घोटा सुजला तर तूं खेळतोस का?"

"नाही अक्का."

"मग हृदय सुजलें असतां कसा चाललास? घोटे तर दोन आहेत."

पोरगं खाली मान घालून झोपलं. सुटी होताना मात्र तो तिच्या पाया पडायला वाकला, तर ती ओरडली, "वाकूं नकोस! वाकायला अजून तीन महिने आहेत."

बायकांच्या चपलांना ती कधी हात लावायची नाही. बायका पळून जात नाहीत, त्या राजरोस घरी सोडा म्हणतात. मुलाची परीक्षा आहे, सासऱ्यांचं पथ्य आहे, घरात श्राद्ध आहे. बायकांचे ती फोन काढून घ्यायची. त्यात एक फोन वाजला तो मला आठवतो. पेशंट बाईच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. अक्कानं फोन उचलला. पलीकडून नवरा विचारत होता की चिंच कुठल्या डब्यात आहे.

"शोध," अक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

तिची एक वही होती, शाळेतल्या मुलांची असते तशी, रेघांची. डाव्या पानावर पुरुष, उजव्या पानावर बायका. पेशंट दारातून आत येताना पहिलं जे बोलला ते एक वाक्य, त्याच्याच शब्दांत, तमिळमधून. रोगाचं नाव नाही, औषध नाही. ती कधी कधी मला मराठीत वाचून दाखवायची. डाव्या पानावर असायचं, छातीवर म्हैस बसली आहे. कुणीतरी आत सुरी फिरवतंय. मी मरतो, माझ्या भावाला बोलवा. उजव्या पानावर असायचं, इडलीच्या पिठाचं भांडं उचलवत नाही. दारात कोलमची रांगोळी काढताना दोनदा खाली बसले. केस विंचरताना हात खाली येतो.

एका नव्या डॉक्टरानं ती वही चाळली आणि उजव्या पानावर बोट ठेवून हसून म्हणाला, "अक्का, या बाजूला छाती कुठं आहे?"

"नाहीं. म्हणून तर तुम्हांस दिसत नाहीं."

मोठे डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी तिला समजावलं होतं की हा रोग पुरुषांनाच जास्त होतो, त्यांच्या शरीरातच तसं काही असतं. अक्का म्हणाली, "असेल डॉक्टर. पुरुषांस जास्त होत असेल. पण ज्या बायकांस होतो तितक्या येथें येतात का, हें मला कोण सांगेल?" आलेल्या बायका वयानं मोठ्या असत, उशिरा आलेल्या असत आणि आधी दोन ठिकाणांहून पित्ताच्या गोळ्या घेऊन आलेल्या असत. हे मला सांगायला वही नको होती. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला कळतं. पुरुषांना मी तपासणीला नेलं तर ते वाटेत बोलायचे. बायका अंग टाकून बसायच्या.

म्हणून ती बायकांना दुखतंय का असं विचारायचीच नाही. तिचा प्रश्न एकच. "कोणतें काम टाकलेंस?" बाई म्हणायची, काही नाही, सगळं करते. अक्का म्हणायची, "बसून काय करूं लागलीस तें सांग." मग हळूहळू बाहेर यायचं. आणि टेन्शन हा शब्द तिच्या वॉर्डात ईसीजीच्या आधी कुणी बायकांबद्दल उच्चारायचा नाही. एक डॉक्टर चुकला, तर तिनं त्याला तिथंच उभं करून ईसीजीची पट्टी मोठ्यानं वाचायला लावली. चिडका स्वभाव म्हणून तिची दोनदा वरपर्यंत तक्रार गेली. तिनं दोन्ही वेळा वर जाऊन सांगितलं की होय, मी चिडते.

हे सगळं मी वर्षानुवर्षं रोज ऐकत होते. तरी माझ्या घरात ते मला दिसलं नाही. दिसलं नाही हे खोटं. दिसलं, आणि मी त्याला दुसरं नाव दिलं.

आम्ही वेस्ट मांबलमला दुसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. मुलगा गुम्मिडिपूंडीला कारखान्यात, सून सिरुसेरीला संगणकाच्या कंपनीत. ती सकाळी साडेसहाला कंपनीच्या बसनं जायची, तोवर दोन डबे भरून झालेले असत. एका आठवड्यात दोघांनाही ताप आला. तिला आधी, मग त्याला. ताप गेला. ती तिसऱ्या दिवशी कामावर गेली. तो घरी राहिला.

पुढच्या रविवारी सकाळी त्यानं छाती धरली आणि असा ओरडला की समोरच्या इमारतीतले लोक गच्चीत आले. मी त्याला आमच्याच वॉर्डात आणला. हृदयाला सूज. अक्कानं चपला काढून कुलपात टाकल्या, माझा मुलगा म्हणून काही सूट नाही. त्यानं पहिलं वाक्य काय सांगितलं तेही लिहून घेतलं. तो म्हणाला होता, "आई, मला जाळतंय."

मी घाबरले होते. मी घाबरले की मला राग येतो, आणि राग मी जवळच्या माणसावर काढते.

सुनेनं कंपनीतून घरून काम मागून घेतलं आणि दोन वेळा डबा घेऊन यायला लागली. वॉर्ड पहिल्या मजल्यावर, लिफ्ट फक्त स्ट्रेचरला. दुसऱ्या दिवशी मी जिन्यात पाहिलं तर ही पायरीवर बसलेली, डबा शेजारी, डोकं भिंतीला.

मी म्हणाले, "नवरा आत पडलाय आणि तू इथं फोन बघत बसलीस?"

तिच्या हातात फोन नव्हता. मला ते दिसत होतं. तरी मी म्हणाले. ती म्हणाली, "आले आत्या," आणि कठड्याला धरून उठली.

तिसऱ्या दिवशी ती मुलाच्या पलंगाशी उभी होती. मुलगा सांगत होता की सांबारात मीठ कमी आहे. मी उशीचा अभ्रा बदलत होते. अक्का दारातून आत आली, मुलाकडं न बघता सुनेच्या पायांकडं बघत राहिली.

"ही कोण?"

"माझी सून."

"हिचे पाय केव्हांपासून सुजले?"

"धावपळ होतेय. दोन वेळा येते जाते."

"मी तुला विचारलें नाहीं." अक्कानं सुनेचा हात धरला, तिला बोळ ओलांडून बायकांच्या खोलीत नेलं आणि रिकाम्या पलंगावर बसवलं. कागद नाही, नोंद नाही. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर धावत आला. "अक्का, ही पेशंट नाही. खाली नाव नोंदवल्याशिवाय ईसीजी कसा काढायचा?"

"नांव मी लिहितें. तुम्ही यंत्र आणा."

यंत्र आलं. डॉक्टरानं पट्टी पाहिली, जरा कपाळ आक्रसलं, म्हणाला, थोडा फरक आहे, पण नाडी जलद आहे म्हणूनही असेल. नवरा ॲडमिट आहे, झोप नाही, साहजिक आहे. त्यानं टेन्शन हा शब्द तोंडापर्यंत आणला आणि गिळला, हे मी पाहिलं.

अक्कानं सुनेला तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. "कोणतें काम टाकलेंस?"

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. "काही नाही. थोडा थकवा आहे."

"बसून काय करतेस?"

परत माझ्याकडं नजर. "काही नाही."

अक्का वळली. "आयाम्मा, बाहेर जा."

"मी? अगं मी इथली आया आहे. कितीदा तरी..."

"येथें तूं आया नाहींस. सासू आहेस. सासूनें बाहेर थांबावें."

इतक्या वर्षांत तिनं मला कुठल्याही पेशंटच्या पलंगापासून हाकललं नव्हतं. मेलेल्यांना धुतानाही ती आणि मी दोघीच असायचो. मी हिरव्या पडद्याच्या बाहेर गेले. तिनं पडदा ओढला. पडद्यातून ऐकू येतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

सून बोलायला लागली ती थांबेना. पाच दिवस ती आडवी झोपलेली नव्हती. आडवं झालं की पाण्यात बुडाल्यासारखं होतं म्हणून भिंतीला टेकून बसून झोपायची. अंघोळ स्टुलावर बसून. कुकर दोन्ही हातांनी धरून. जिना चढताना प्रत्येक वळणावर उभी राहून चपलेचा पट्टा नीट करतेय असं दाखवायची, कुणी बघत असलं तर. घरी सांगितलं का, असं अक्कानं विचारलं.

"ह्यांना इतकं दुखतंय. त्यात मी काय सांगू? मला दुखत तर नाही. आणि आत्या म्हणतात, माझ्या वयात त्या बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी हंडा आणायच्या."

मी हे म्हणत असे. अगदी याच शब्दांत.

अक्का पडद्याबाहेर आली, माझ्या शेजारून गेली आणि तरुण डॉक्टरला म्हणाली, "मोठ्या डॉक्टरांस बोलवा. आतां." तो म्हणाला, ते बाहेरच्या पेशंटांत आहेत, तासाभरात येतील. "मग मी जातें," ती म्हणाली, आणि गेली. दहा मिनिटांत मोठे डॉक्टर तिच्या मागून जिना चढत होते, गळ्यातली नळी तशीच लोंबत. त्यांनी सुनेच्या छातीवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, यंत्राच्या पडद्यावर तिचं हृदय बराच वेळ पाहिलं. रोग तोच, जो बोळापलीकडं माझ्या मुलाला होता. पण मुलाचं हृदय दुखत होतं आणि चालत होतं. हिचं दुखत नव्हतं आणि दमून चाललं होतं.

तिला अतिदक्षता विभागात नेलं. डॉक्टरांनी मला समोर उभं करून सांगितलं, "ती वाचेल की नाही हे आज मी सांगू शकत नाही."

मी रडले नाही. रडायला मला जागाही नव्हती, माझी ड्यूटी होती. अक्कानं मला चादरी मोजून द्यायला सांगितल्या. दोघी चादरी घड्या घालत असताना ती म्हणाली, "तुला दिसलें नव्हतें?"

"दिसलं होतं."

"मग?"

"तिचा आळस वाटला."

"हं," ती म्हणाली. आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. तिच्या जागी मी असते तर शिव्या घातल्या असत्या. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, म्हणून तिनं घातल्या नाहीत असं मला वाटतं.

चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्या काचेच्या दाराशी उभी राहिले. अक्का माझ्याबरोबर कधी उभी राहिली नाही, पण आत जाऊन यायची आणि एकच शब्द सांगायची. पहिल्या दिवशी "तशीच." दुसऱ्या दिवशी "तशीच." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "रागावली." मी म्हणाले, कोणावर? "नळी काढा म्हणून सिस्टरवर. बरें लक्षण आहे." चौथ्या दिवशी सून शुद्धीवर नीट आली आणि तिनं विचारलं की ह्यांचं जेवण झालं का. हे मात्र अक्कानं मला रागानं सांगितलं. "मरतां मरतां वांचली, आणि पहिली चौकशी भाताची. पोदुम! पुरे जाहलें."

मुलाला आधी सुटी मिळाली. सून आणखी दोन आठवडे बायकांच्या खोलीत होती. मी तिचं अंग पुसायचे, केस विंचरायचे. ती संकोचायची. मी म्हणायचे, गप पड, मला याचा पगार मिळतो.

तिच्या सुटीच्या दिवशी डॉक्टरांनी सही केली, कागद अक्काच्या टेबलावर आले. खाली मुलानं रिक्षा उभी केली होती. अक्कानं कागदावर हात ठेवला आणि सुनेला म्हणाली, "एक तक्रार सांग. ह्या दोघांसमोर, मोठ्यानें. मग जा."

सून हसली. "काही तक्रार नाही अक्का. सगळ्यांनी किती केलं."

"तर मग येथेंच राहा."

मुलगा म्हणाला, "अक्का, रिक्षावाला ओरडतोय."

"ओरडूं दे. तो पुरुष आहे, त्याला येतें."

आम्ही उभे राहिलो. बोळातून पेशंट गेले, आले. सून माझ्याकडं पाहायची, मग नवऱ्याकडं, मग फरशीकडं. शेवटी ती म्हणाली, "आत्या चहात साखर फार घालतात."

"ही शरीराची नव्हे. दुसरी."

सुनेनं पलंगाची कड धरली. मग माझ्याकडं बघतच बोलली, आवाज बारीक, पण नजर हलवली नाही. "आत्या, मी तो जिना चढू शकत नाही. दोन मजले. मला भीती वाटते. मी चढणार नाही."

मुलगा म्हणाला, "हळूहळू चढू ना. मी आहे की. मधे खुर्ची ठेवू."

"तू गप," मी म्हणाले. मग अक्काला म्हणाले, "हिला ठेवून घे. मी तळमजल्याची जागा बघून येते."

अक्कानं कागद खणात टाकले. मोठ्या डॉक्टरांना काय सांगायचं ते तिनं सांगितलं असेल. मी मुलाला रिक्षा परत पाठवायला लावली आणि चालत सुटले. वेस्ट मांबलममधल्या गल्ल्या मी तीन दिवस पालथ्या घातल्या. एक जण म्हणाला, आम्ही मासे खाणाऱ्यांना देत नाही. एक म्हणाली, आजारी माणूस आहे तर नको. एकानं दोन वेळा या म्हटलं आणि दोन्ही वेळा दार उघडलं नाही, तर तिसऱ्यांदा मी त्याच्या उंबऱ्यावर बसून राहिले. त्यानंच दिली. दोन खोल्या, मागं मोरी, पुढं एक पायरी. एकच.

चौथ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेले. अक्का दहीभात खात होती, उभ्यानं. मी म्हणाले, जागा मिळाली.

"पावसांत पाणी शिरतें का तेथें?"

आमच्या भागात कुणीही आधी हेच विचारेल. मी घरमालकाला विचारून भिंतीवरची पुराची खूण बघून आले होते.

"शिरतं. गुडघ्याएवढं."

"मग?"

"पाणी यायला लागलं की मी तिला पाठीवर घेऊन वर नेईन. वरच्या बाईशी बोलून ठेवलंय."

"तूं? ह्या वयांत?"

"मी."

तिनं डब्यातला शेवटचा घास खाल्ला, झाकण लावलं, हात धुतले. मग खण उघडून कागद काढले आणि माझ्या हातात दिले.

"ने," ती म्हणाली.